कार्डावर नसलेली मरळ

तारीख सोळा नोव्हेंबर, साल सत्त्याण्णव, रविवार दुपार. बिल एकशे चौऱ्याण्णव रुपये. हजर माणसं चार: मी, पत्नी, अलिबागेकडून हिवाळ्यापुरत्या आलेल्या सासूबाई आणि नववीतली मुलगी. पाचवा तो, वेटर. टेबलाशी येऊन त्याने माझ्या हातातल्या मेनू कार्डावर आपला रुंद तळवा ठेवला आणि पोथी मिटावी तसं ते कार्ड हळूच मिटवलं.

"कार्ड मिटा, साहेब. मासा कार्डात ऱ्हात नाय."

उस्मानपुऱ्यातलं मासळीचं हॉटेल होतं ते. बारा टेबलं, बाहेर पाटीवर होडी आणि माड रंगवलेले, आत गल्ल्यामागच्या भिंतीवर प्लास्टिकचा लालभडक खेकडा. समुद्र इथून साडेतीनशेएक किलोमीटर लांब. पत्नीचं माहेर समुद्राकाठी. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी महिन्या-दोन महिन्यांनी तिला मासे आठवायचे आणि ती भांडी जरा जोरात घासायची. म्हणून हे हॉटेल उघडल्यावर आम्ही गेलो. मी स्वतः देवगाव रंगारीचा. आमच्याकडे उन्हाळ्यात तळं आटलं की मासा दिसायचा, एरवी नाही. पापलेट आणि सुरमई यांतला फरक मला लग्नानंतर कळला.

माझ्याबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात येणारा माल तपासायचो. शंभर नगांतले पाच काढायचे, मापायचे आणि कागदावर लिहायचं: घ्या, किंवा परत पाठवा. वीस वर्षं हे केल्यावर माणूस भाजीवालीच्या तराजूकडेही त्याच नजरेने बघतो. माणसांवर विश्वास ठेवायला मला वेळ लागतो. पहिल्याच भेटीत माझ्या हातातलं कार्ड मिटवणाऱ्यावर तर फारच.

तुम्हीही असा वेटर कुठे ना कुठे पाहिला असेल, जो गिऱ्हाइकापेक्षा स्वतःला जास्त शहाणा समजतो. हा पंचावन्नच्या आसपासचा. उंच, थोडा वाकलेला, पांढरे केस बारीक कापलेले. हॉटेलचा निळा शर्ट गळ्यापर्यंत बटण लावून घातलेला. ऑर्डर ऐकताना खांद्यावरचं फडकं मानेमागून दोन्ही हातांत आडवं ताणून उभा राहायचा. मेंढरांमागे चालणारे लोक काठी अशी धरतात. हे मला नंतर उमगलं. तेव्हा वाटलं, याला कंटाळा आलाय.

पत्नी म्हणाली, "दोन पापलेट द्या. तळून."

"मासळीला इचारून येतो."

तो आत गेला. दोन मिनिटांनी बाहेर आला. चेहरा अगदी गंभीर.

"ताई, पापलेट म्हनतंय, आज माझी तब्येत नाय."

मुलगी फिस्सकन हसली.

"आणि सुरमई?" पत्नीने विचारलं.

"ती तर उठंचना."

सासूबाई हसल्या नव्हत्या. त्या बाईंनी आयुष्यभर मासळीबाजारात घासाघीस केलेली. म्हणाल्या, "मग उठलंय कोण तुमच्याकडे?"

"मरळ हाय, आजी. सकाळधरनं पिंपात उड्या मारती."

"आम्ही गोड्या पाण्यातलं खात नाही. चिखलाचा वास येतो."

"आजी, चिखलाचा वास चिखलाला येतो. माश्याला माश्याचाच येतो."

आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत तो स्टीलच्या ताटात एक मरळ घेऊन आला. हातभर लांब, काळी, सापासारख्या डोक्याची, जिवंत. ताटात ती एकदा उडाली तशी शेजारच्या टेबलावरची बाई ओरडली. त्याने दोन बोटांनी कल्ला उचलून सासूबाईंना आतला ताजा लाल रंग दाखवला. सासूबाईंनी तो बघितला. खरं म्हणजे त्यांना बघायचा नव्हता. पण ज्याला तांबडा कल्ला ओळखता येतो त्याला तो न बघता राहवत नाही.

आम्ही मरळच खाल्ली. येसर, म्हणजे भाजलेल्या डाळींचा मसाला, लावून केलेलं काळपट कालवण आणि ज्वारीची भाकरी. सासूबाईंनी ताट भाकरीच्या तुकड्याने पुसून काढलं आणि म्हणाल्या, "मसाल्यात सगळंच झाकलं जातं." सोलकढीबद्दल मात्र त्या स्पष्ट बोलल्या. "ह्यात आमसूल लांबून दाखवलंय."

बिल आलं तेव्हा मी ते नीट वाचलं. मरळ कुठेच नव्हती. चार "फिश करी" लावल्या होत्या. मी पुन्हा कार्ड मागवून घेतलं. त्यातही मरळ नव्हती.

"ही मरळ कार्डावर का नाही?"

"कार्ड छापलं तवा ती पान्यात हुती, साहेब."

मी पैसे दिले. पण स्कूटर चालू करताना विचार करत होतो. एका पापलेटचे साठ रुपये. फिश करीचे पस्तीस. महाग माल मागणाऱ्या गिऱ्हाइकाला वेटर स्वस्त माल देतो, तोही कार्डावर नसलेला. कारखान्यात कुणी असं केलं की मी एकच प्रश्न विचारायचो: यात याचं काय?

*

आम्ही पुन्हा गेलो, कारण पत्नीने पुन्हा भांडी जोरात घासली. डिसेंबरात दोनदा गेलो, रविवारीच. सोमवारी घरात कुणी खात नाही, गुरुवार सासूबाईंचा, शनिवार माझा मारुतीचा. राहिलेल्या दिवसांत मला कारखाना. रविवार हाच आमचा मासळीचा वार.

दोन्ही वेळा तेच. कार्ड मिटलं. तो मासळीला विचारून आला. एकदा पापलेटाला "थंडी वाजत होती", एकदा सुरमईने "तोंड फिरवलं". आणि मरळ दोन्ही वेळा ठणठणीत.

दुसऱ्या खेपेला मी बोललोच. "ताटात दाखवता ती एक आणि शिजवता ती दुसरी. हे आम्हाला कसं कळायचं?"

त्याला राग आला नाही. उलट बरंच वाटलं असावं, कारण तो ताट घेऊन माझ्याजवळ वाकला.

"खूण करा, साहेब."

"काय?"

"शेपटीला खूण करा. तुमची."

माझ्या किल्ल्यांना नखं कापायचं यंत्र असतं. त्याने मी मरळीच्या शेपटीत एक त्रिकोणी खाच पाडली. पत्नी म्हणाली, "अहो, लोक बघतायत." लोक बघतच होते. पंचवीस मिनिटांनी कालवण आलं आणि माझ्या ताटलीत मधोमध शेपटीचा तुकडा, खाच वर करून ठेवलेला.

"शेपूट कुनी खात नाय," तो म्हणाला, "पन तुमाला पुरावा लागतो."

आतून स्वयंपाकी दारात येऊन हसत होता. मी शेपूट बाजूला काढलं. खाच माझीच होती. पण एवढ्याने काही सिद्ध होत नव्हतं. मासा बदलला नाही, एवढंच कळलं. तो मासाच का, हा प्रश्न तसाच राहिला.

पत्नीचं त्याच्याशी चांगलं जमलं होतं. ती माणसांना बोलतं करते, मी गप्प करतो. तिला त्याने सांगितलं की ते मूळचे मेंढरं राखणारे, पैठणच्या वरच्या अंगाचे. धरण झालं आणि रान पाण्याखाली गेलं. मेंढरं विकली. कुणी ऊसतोडीला गेलं, कुणी जाळं हातात घेतलं.

"घर पण गेलं?" पत्नीने विचारलं.

"व्हय. आमच्या चुलीत आता वाम मासळी ऱ्हाती, ताई." आणि लगेच, "भाकरी आनू का अजून?"

मी मध्येच विचारलं, "ही मरळ तुमच्याकडे कोण आणून देतं?"

"पानी देतं."

"पाणी देतं, पण घेऊन कोण येतं?"

"येतं कुनीतरी." तो फडकं मानेमागे ताणून दुसऱ्या टेबलाकडे गेला.

प्रश्नाला उत्तर न देणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं माझं मत आहे. माझं मत तेव्हाही चुकीचं नव्हतं.

जानेवारीत आम्ही दोनदा गेलो. पहिल्या वेळी मरळच खाल्ली. दुसऱ्या वेळी सासूबाई अलिबागेला परतल्या होत्या आणि मी हट्टाला पेटलो होतो. तो कार्ड मिटवायला आला तेव्हा मी कार्ड घट्ट धरलं. दोन पापलेट. तळून. विचारून यायचं नाही.

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"साहेब, मी नाय म्हनलो हुतो, एवढं ध्यानात ठिवा."

पापलेट आलं. वरून छान कुरकुरीत होतं. आत काटा सोडवताना मांस लगद्यासारखं निघत होतं. पत्नीने पहिला घास नाकाशी नेला आणि ताटली सरकवली. मुलीने कांदा-लिंबू खाल्लं. मी माझं पापलेट पूर्ण खाल्लं आणि पत्नीचंही निम्मं, कारण पैसे मी मोजले होते आणि तो कोपऱ्यातून बघत होता. पुढचे दोन दिवस मी कामावर गेलो नाही. घरात सांगितलं की हवा बदलली आहे.

फेब्रुवारीत सहावी खेप. पुन्हा तेच: पापलेटची तब्येत नाही. मी मनात हिशेब मांडला. सहा भेटी, सहाही वेळा समुद्राच्या मासळीला नकार आणि मरळीची शिफारस. सहापैकी सहा. इतका स्वच्छ आकडा आपोआप येत नाही. कुणीतरी तो तयार करत असतं.

*

पुढच्या रविवारी सकाळी नऊला मी स्कूटर काढली. पंक्चर काढायचं आहे असं सांगितलं. पंक्चर नव्हतंच. हॉटेलच्या मागच्या गल्लीत एका इस्त्रीवाल्याच्या टपरीशी उभा राहिलो. माझ्या हातात इस्त्रीला द्यायला काही नव्हतं, म्हणून तो इस्त्रीवालाही माझ्याकडे संशयाने बघत होता.

सव्वानऊला पैठणहून येणारी काळीपिवळी जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. एक बाई उतरली. पन्नाशीची, उंच, डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं पोतं. तो मागच्या दारातून आला आणि पाटी उतरून घेतली. दोघं शेजारी उभी राहिली तेव्हा सांगावं लागलं नाही. तीच लांब हनुवटी, तीच किंचित वाकलेली मान.

"दादा, आज वाम बी हाय दोन," ती म्हणाली.

"भाच्याची फी भरली का गं?"

"निम्मी. बाकीची म्हैनाअखेर म्हनलेत."

त्याने काट्याला पाटी अडकवली. काटा दारातच लोंबत होता. त्याने स्वतः वाचला आणि आत वळून आकडा ओरडला: "साडेसात!" आतून कुणीतरी "हौ" म्हणालं. कुणी बघायला आलं नाही. बहिणीने पायरीवर बसून त्याच्या कपातला निम्मा चहा बशीत घेऊन प्यायला.

मी घरी आलो आणि पत्नीला सगळं सांगितलं. माल आणणारी बहीण. माल मोजणारा भाऊ. माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणारा तोच भाऊ. आमच्याकडे असं आढळलं तर त्या दिवशी गेट बंद.

पत्नी वाटाणे सोलत होती. "मग? बहिणीने आणली म्हणून मासळी शिळी होते का?"

"मुद्दा तो नाही."

"मग कुठला आहे?"

मी म्हणालो की मुद्दा तत्त्वाचा आहे. ती वाटाणे सोलत राहिली.

*

मार्चमधल्या एका रविवारी आम्ही सातव्यांदा गेलो. खिडकीजवळच्या टेबलावर आठ-दहा माणसांचा एक परिवार होता. बारशाचं की वाढदिवसाचं जेवण असावं. त्यांच्यातल्या पुढाऱ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने सहा पापलेट मागितली. हा विचारून आला आणि सांगितलं की पापलेट आज नको. तो माणूस उठला, गल्ल्यापाशी गेला, म्हणाला, "पाटीवर होडी कशाला रंगवली मग?" आणि सगळ्यांना घेऊन निघून गेला. लहान मुलं दारातून वळून त्या प्लास्टिकच्या खेकड्याकडे बघत गेली.

मालक गल्ला सोडून कधी उठत नसे. त्या दिवशी उठला. थेट आमच्या टेबलाशी आला. चाळिशीचा, घामेजलेला, मुळात वाईट नसलेला माणूस. मुंबईहून बर्फातली पेटी यायची, तिचे पैसे त्याला आधी भरावे लागायचे. ती मासळी खपली नाही तर फेकावी लागत होती. हॉटेल उघडून वर्ष झालं नव्हतं.

"साहेब, तुम्ही नेहमीचे. सरळ बोलणारे. एक सांगा. हा माणूस तुम्हालाही पापलेट नको म्हणतो?"

तो मालकाच्या मागेच उभा होता. फडकं खांद्यावर. माझ्याकडे बघून म्हणाला, "सांगा की साहेब. तुमी खोटं नाय बोलनार."

यात काय पणाला लागलं आहे ते मला ठाऊक होतं. हे कबूल करायला हवं. त्याची नोकरी, आणि मागच्या दाराने येणारी ती पाटी. मी पाणी प्यालो.

"सहा वेळा आलो. सहाही वेळा नको म्हणाले."

मालकाने मान हलवली. बहुतेक तो त्याला झापणार होता आणि तेवढ्यावर भागलं असतं. पण माझा अहवाल अपुरा राहत होता. अपुरा अहवाल मला सहन होत नाही.

"आणि ती मरळ यांची बहीण आणते. वजनही हेच करतात. मी पाहिलंय."

हे मला कुणी विचारलं नव्हतं.

मालक त्याच्याकडे वळला. "बहीण?"

"व्हय."

"मला सांगितलं नाहीस."

"तुमी मासा कसा हाय ते इचारलं. कुनाचा हाय ते नाय इचारलं."

 मालकाने आत जाण्यासाठी बोटाने खूण केली. हा हलला नाही. आधी आमच्या टेबलाकडे वळला.

"ताई, भाकरी दोन आनू का तीन?"

पत्नी म्हणाली, "नको काही."

"आसं कसं. जेवायला आलाव तुमी."

त्याने आमचं पूर्ण जेवण वाढलं. कालवण, भाकरी, कांदा, लिंबाच्या फोडी. मुलीच्या ताटलीत नेहमीप्रमाणे मधला कमी काट्याचा तुकडा. मग आत गेला. दहा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा निळा शर्ट नव्हता, घडी पडलेला पांढरा सदरा होता. त्या कपड्यांत तो कुणीतरी वेगळाच वाटत होता, गावाकडचा एखादा पाहुणा. मागच्या दाराने न जाता तो टेबलांमधून चालत पुढच्या दाराने गेला. जाताना कुणाकडे बघितलं नाही. मीही ताटलीतून डोकं वर काढलं नाही.

 घरी मी कुलूप उघडत असताना पत्नी म्हणाली, "विचारलं तेवढंच सांगायचं होतं."

"अर्धं खरं मला सांगता येत नाही."

"हो का? मग मरळ चांगली होती, हे कधी सांगितलंत?"

मी कुलूप काढून कडीत अडकवलं. वीस वर्षं जो कागद भरत होतो त्यात माल कुणाचा, किती नग, कुणी मोजला हे रकाने वर असतात. आणि माल कसा आहे, हा रकाना सगळ्यात मोठा असतो, कारण कागद त्यासाठीच असतो. तो मी कोराच ठेवला होता.

*

एप्रिलमध्ये मुलीची परीक्षा संपली. तिने हट्ट धरला म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी कारखान्यातून लवकर निघालो आणि आम्ही पुन्हा तिथे गेलो. पत्नी यायला तयार नव्हती, मुलीसाठी आली. वाढायला माणूस कमी होता, म्हणून स्वयंपाकी स्वतःच बाहेर येऊन ऑर्डर घेत होता. पापलेट मागितलं. हो म्हणाला. पत्नीने आधी कच्चं दाखवायला सांगितलं. त्याने आणलं. तिने कल्ला उचलला. लाल होता. आम्हाला मासळीतलं काही कळत नाही असं समजू नका. सतरा वर्षांत तेवढं मलाही दिसायला लागलं होतं. ताजं पापलेट होतं ते.

"आज कसं काय?" मी विचारलं.

"जुम्मा है ना, साब. गाडी जुमेरात कू आती. जुम्मे कू माल एकदम लाल रैता."

"आणि रविवारी?"

त्याने हात झटकला. "इतवार तक क्या रैता? शनिवार कू तुमारे लोगां खाते नै. पेटी वैसीच पडी रैती."

मी विचारलं, "तो म्हातारा शुक्रवारी काय द्यायचा?"

"पापलेट! वोइच खपाता था सब. जुम्मे कू मरळ का नाम बी नै लेता था." मग माझ्याकडे नीट बघून तो म्हणाला, "तुमे इतवार कूच आते थे ना? शेपटी वाले साब?"

मुलगी हसणार होती, पण माझा चेहरा बघून गप्प झाली.

सहापैकी सहा. सहाही नमुने एकाच वाराचे. कारखान्यात नव्याने लागलेल्या पोराने एकाच पेटीतून सगळे नग काढले असते तर मी त्याला सगळ्यांसमोर बोललो असतो. गाडी गुरुवारी येते, गुरुवारी लोक खात नाहीत, शुक्रवारी थोडे खातात, शनिवारी नाहीत, आणि रविवारी सगळं गाव मासे खायला येतं तेव्हा पेटीतली मासळी चार दिवसांची झालेली असते. मालकाला गाडी शनिवारी हवी होती, पण गाडीवाल्याला गुरुवार सोयीचा. एवढी साधी गोष्ट. तो माणूस दर रविवारी गिऱ्हाइकाच्या आणि त्या पेटीच्या मध्ये उभा राहत होता. त्यात बहिणीचंही भलं होत होतं, हेही खरं. दोन्ही खरं होतं.

सोमवारी मी एका कागदावर हे सगळं वारांसकट लिहून मालकाला नेऊन दिलं. शेवटी लिहिलं की माझं आधीचं सांगणं अपुरं होतं. मालकाने कागद वाचला, घडी घातली.

"त्यात खोटं काय होतं, साहेब?"

"खोटं काही नव्हतं."

"मग झालं तर. रविवारी शिळं देतो असं मी आता पाटीवर लिहू का?" मग कागद गल्ल्यात टाकत म्हणाला, "आणि वजनाचं काय? बहिणीचा माल स्वतः मोजायचा. किती मारला असेल, सांगा."

ते मला सांगता आलं नाही. काटा त्याने खरा वाचला की खोटा, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. इस्त्रीच्या टपरीपासून मीही आकडा ऐकला होता, काटा दिसला नव्हता. आजही ठाऊक नाही. त्याच्याबद्दल चांगलं वाटून घ्यायचं म्हणून मी तो आकडा बरोबर धरत नाही.

मालकाने त्याला परत बोलावलं नाही. पत्ता विचारला तर म्हणाला, माहीत नाही.

*

मे महिन्यात पैठणच्या रस्त्याने एका कामासाठी गेलो होतो. परतताना शहराच्या अलीकडे, बाभळीच्या सावलीत, ती दिसली. पुढे तीच पाटी, ओलं पोतं, बाजूला पाण्याचं घमेलं. त्यात तीन मरळी. रस्त्यावर ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर धूळ घमेल्यात पडत होती. मी स्कूटर थांबवली.

"तुमचा भाऊ उस्मानपुऱ्यात हॉटेलात होता ना?"

"हुता."

"आता कुठे आहे?"

"नगरकडं गेलाय. धाब्यावर हाय म्हनं. कागद नाय, निरोप नाय." तिने पोतं उचलून पाणी शिंपडलं. "तुमी कोन?"

तसंच निघून जाता आलं असतं. "त्या हॉटेलच्या मालकाला मीच सांगितलं. मासा तुमचा आहे म्हणून."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्मा, खिशातली दोन पेनं, स्कूटरला अडकवलेली कापडी पिशवी.

"जाण्याआधी तुमचा भाऊ काय म्हणाला माझ्याबद्दल?" मी विचारलं.

"काय म्हननार? काम गेल्यावर मानूस काय म्हनतो?"

 मी भाच्याच्या फीबद्दल विचारणार होतो. ते मला कसं कळलं, हे सांगावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही.

"एक किलो द्या," मी म्हणालो.

तिने एक मरळ काढली, तराजूत घातली, दुसऱ्या पारड्यात वजन टाकलं. "शंभर."

मला भाव ठाऊक होता. आदल्याच दिवशी शहागंजात ऐंशी होता. ती उन्हात, रस्त्याकडेला, धूळ खाणारा माल विकत होती. साठला दिली असती तरी समजलो असतो. तोंडातून निघालंच, "बाजारात ऐं..."

तिने तराजू खाली ठेवला नाही. तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मरळ पारड्यात हलत होती, म्हणून काटा वरखाली होत होता.

"घ्यायची तर घ्या," ती म्हणाली.

एक किलो मरळ, शंभर रुपये. त्याच्या बहिणीला दिले.